शाळेत रोबोटिक्स सुरू करताय? आधी बिघाड शोधायला शिकवा

सोलापुरातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलच्या मुख्याध्यापिकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: शाळा पूर्व भागात आहे, पालक बहुतेक यंत्रमाग आणि विडी कामगार. एक कंपनी रोबोटिक्सचा वर्षभराचा कोर्स घेऊन आली आहे. ‘मुलांची विचारशक्ती वाढते, आत्मविश्वास येतो’ असं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलंय. खरंच असं होतं का, की नुसता देखावा? आमच्या विज्ञानाच्या सरांना प्रोग्रामिंग येत नाही आणि पैसेही बेताचेच आहेत. सुरू करावं का, आणि केलं तर कसं?

मॅडम, जरूर सुरू करा. पण माहितीपत्रकातलं ते वाक्य जसंच्या तसं घेऊ नका. रोबो बनवला की विचारशक्ती आपोआप वाढते, हा समज जुना आहे आणि तो तपासूनही झालेला आहे. सेमूर पेपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. मुलांनी आज्ञा द्यायच्या आणि जमिनीवरच्या ‘कासवा’ने त्याप्रमाणे फिरून रेघ ओढायची. मुलं प्रोग्राम लिहायला लागली की त्यांचं एकूण नियोजनच सुधारेल, अशी त्या काळी मोठी आशा होती. १९८४च्या सुमारास रॉय पी आणि मिडियन कर्लंड या संशोधकांनी लोगो शिकलेल्या मुलांना संगणकाबाहेरचं नियोजनाचं काम देऊन पाहिलं. न शिकलेल्या मुलांपेक्षा ती काही सरस निघाली नाहीत.

गोष्ट तिथे संपली असती तर मी तुम्हाला पैसे वाचवायला सांगितलं असतं. पण १९८८मध्ये डेव्हिड क्लार आणि शॅरन कार्व्हर यांनी तीच लोगो वेगळ्या पद्धतीने शिकवली. प्रोग्राम चुकला की चूक कशी शोधायची, याच्या पायऱ्या त्यांनी मुलांना मुद्दाम, उघडपणे शिकवल्या. काय हवं होतं, काय मिळालं, दोन्हींत फरक कोणता, तो कुठून आला असेल, मग तेवढंच बदल आणि पुन्हा बघ. ही मुलं संगणकाशी काही संबंध नसलेल्या लेखी सूचनांमधल्या चुकाही जास्त चांगल्या शोधू लागली.

म्हणून माझं उत्तर एका वाक्यात द्यायचं तर, रोबोटिक्सचा तास हा बिघाड शोधण्याचा तास असेल तरच तो पैसा आणि वेळ वसूल होतो. किट उघडून पुस्तिकेप्रमाणे जोडली, गाडी पळाली, टाळ्या झाल्या आणि पुढचा धडा सुरू झाला, तर मुलं फक्त स्क्रू पिळायला शिकतात. बहुतेक तयार कोर्स असेच चालतात, कारण डेमोच्या दिवशी गाडी पळाली नाही तर विक्रेत्याची पंचाईत होते.

आता प्रत्यक्ष वर्गात हे कसं दिसतं ते सांगतो.

दोन मोटारींची साधी गाडी घ्या: पिवळ्या रंगाच्या स्वस्त गिअर मोटारी, एक आर्डुइनो (प्रोग्राम चढवता येतो असा छोटा बोर्ड), एक मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या आज्ञेप्रमाणे मोटारींना बॅटरीचा करंट देणारा भाग), दोन लिथियम सेल. मुलं पहिल्याच आठवड्यात तिला चौकोनात फिरवायचा प्रोग्राम लिहितात: सरळ जा, अमुक मिलिसेकंद वळ, परत सरळ. सोमवारी गाडी बरोबर काटकोनात वळते. बुधवारी तीच गाडी, तोच प्रोग्राम, आणि वळण सत्तर अंशांतच संपतं. वर्गात गोंधळ उडतो. ‘सर, काल कुणीतरी कोड बदललाय वो.’ मग प्रोग्राम उघडून बघतात, एक अक्षरही बदललेलं नसतं. काही मुलं आकडा वाढवून मोकळी होतात आणि गाडी पुन्हा काटकोनात वळते. शिक्षकाने इथेच थांबवायला हवं, कारण सेल चार्ज केल्यावर हीच गाडी काटकोनापलीकडे जाते.

इथे मी वहीत तीन रकाने आखायला लावतो: काय होईल असं वाटलं, काय झालं, कशामुळे. पहिला रकाना भरल्याशिवाय प्रोग्राम अपलोड करायचा नाही, हा एकच नियम मी कडक पाळतो. दोन-तीन तासांत कुणीतरी व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावून बघतं. दोन भरलेले सेल मिळून ८.४ व्होल्ट दाखवतात, उतरलेले साडेसहाच्या आसपास. नेहमीचा स्वस्त ड्रायव्हर, एल२९८एन, त्यातले जवळपास दोन व्होल्ट स्वतःच खातो. म्हणजे मोटारीच्या वाट्याला एकदा सहाच्या वर व्होल्ट येतात आणि एकदा साडेचार. वेळ तीच, वेग कमी, म्हणून वळण कमी. त्यात शाळेच्या व्हरांड्यात शहाबादी फरशी आणि वर्गात चार्ट पेपर असला की चाकाची पकडही बदलते. हे सगळं मुलांनी स्वतः वेगळं काढायला हवं, एका वेळी एकच गोष्ट बदलून: सेल तोच ठेवा आणि जमीन बदला, मग जमीन तीच ठेवा आणि सेल बदला. चल राशी, म्हणजे बदलू शकणारी राशी, पुस्तकात वाचलेली असते, पण तिचा उपयोग काय, हे इथे हाताला कळतं. ‘किती वेळ वळलो’ यापेक्षा ‘खरंच किती वळलो’ हे मोजायला हवं, असं एखादी मुलगी म्हणते तेव्हा फीडबॅक, म्हणजे झालेलं मोजून पुढचं ठरवणं, हा विषय तिने स्वतःच उघडलेला असतो. मग चाकाला छिद्रांची चकती लावून फेरे मोजायचे, ही पुढची पायरी तिला आपण सांगावी लागत नाही.

दुसरा प्रयोग खास आपल्या गावचा. अल्ट्रासॉनिक सेन्सर घ्या, एचसी-एसआर०४, शंभर रुपयांच्या आसपास मिळतो. तो ४० किलोहर्ट्झचा ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते सांगतो. एक सेंटिमीटर अंतराला जाऊन येऊन साधारण ५८ मायक्रोसेकंद. मुलं गाडीला सांगतात, समोर वीस सेंटिमीटरच्या आत काही आलं की थांब. भिंतीसमोर थांबते, दप्तराच्या पुठ्ठ्यासमोर थांबते, बाकासमोर थांबते. मग खुर्चीवर टेरी टॉवेल टाका. सोलापुरात शाळेत टॉवेल सापडायला वेळ लागत नाही. बऱ्याचदा गाडी सरळ त्याच्यात घुसते. मुलांचा पहिला अंदाज ठरलेला: सेन्सर खराब झाला. पुन्हा भिंतीसमोर धरला तर व्यवस्थित चालतो. मग रंगावर संशय, मग ‘टॉवेल हलतोय म्हणून’. टॉवेल ताणून पुठ्ठ्यावर चिकटवतात तरी वाचन भरकटतं. तोच पुठ्ठा उलटा केला की बरोबर येतं. टॉवेलच्या सुताचे ते उभे फासे ध्वनी गिळतात, इथपर्यंत मुलं स्वतः पोचतात. कारखान्यातल्या मशीनच्या गोंगाटात टॉवेलांचे गठ्ठे रचलेल्या खोलीत आवाज कसा दबतो, हे काहींना घरूनच माहीत असतं. वर्षानुवर्षं माहीत असलेली गोष्ट आज कारण म्हणून उपयोगी पडली, हा अनुभव त्या मुलाला माझ्या कुठल्याही शाबासकीने मिळाला नसता.

नववी-दहावीला याच सेन्सरवर आणखी एक काम देता येतं. प्रोग्राममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरलेला असतो. पण हवा तापली की तो वाढतो, अंदाजे ३३१ अधिक तापमानाच्या ०.६ पट. एप्रिलमध्ये आपल्याकडे पारा बेचाळिशी गाठतो, तेव्हा वेग ३५६ मीटरच्या घरात जातो आणि गाडी मीटरभर अंतर साधारण साडेपंचाण्णव सेंटिमीटर दाखवते. पट्टी म्हणते शंभर. कोण खोटं बोलतंय ते शोधा, एवढंच सांगून मी बाजूला होतो. भौतिकशास्त्राच्या सरांनी हा तास घ्यावा, त्यांना प्रोग्रामिंग फारसं लागणार नाही.

तुमच्या सरांना कोड येत नाही, याची मला फारशी चिंता वाटत नाही. उलट सगळं येणारा शिक्षक या तासाला जरा धोक्याचाच. मुलगा गाडी घेऊन येतो, सर दोन सेकंदांत म्हणतात, ‘अरे, ग्राउंडची, उणे बाजूची वायर जोडली नाहीस’, ती लावतात, गाडी पळते. मुलगा खूश, सर खूश, आणि विचार करण्याची जी एकमेव संधी होती ती गेली. सरांनी तीन प्रश्न पाठ करावेत: काय व्हायला हवं होतं? काय होतंय? कुठपर्यंत बरोबर आहे? तिसरा प्रश्न सर्वात कामाचा. मोटार फिरत नसेल तर आधी ती सरळ बॅटरीला लावून बघ. फिरली? मग मोटार चांगली आहे. आता त्याच पिनवर नुसता एलईडी लुकलुकवून बघ. लुकलुकला? मग प्रोग्राम तिथपर्यंत पोचतोय. दोष या दोन्हींच्या मध्ये आहे. शोधायची जागा अशी अर्धी-अर्धी करत न्यायची.

ही पद्धत शिकवायला बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही, ती तुमच्या पालकांकडेच आहे. कारखान्यातला जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा कारागीर, रोज हेच करतो. एका शाळेत आम्ही एका विद्यार्थिनीच्या वडिलांना बोलावलं होतं, तीस-एक वर्षं मागावर काढलेले जॉबर. न चालणारी गाडी समोर ठेवली. त्यांनी हात लावला नाही. आधी विचारलं, कधीपासून बिघडलं? त्याआधी काय बदललं होतं? मग गाडी चालू करायला लावून कान देऊन ऐकलं. ‘एक मोटार जोर लावतीया, एक लावंना’, म्हणाले. आर्डुइनो त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला होता. मग ते मागाबद्दल बोलले. बाण्याचा, म्हणजे आडवा धागा तुटला की मागावरचा काटा ते ओळखतो आणि माग थांबतो, नाहीतर नुसतं रिकामं विणत बसेल. चादरीवर दर नक्षीत त्याच जागी तोच दोष दिसला तर जॅकार्डचे, म्हणजे नक्षी ठरवणारे छिद्रांचे पुठ्ठे बघायचे, एखादं छिद्र चुकलेलं असणार. दोष मध्येच कुठेतरी एकदाच असेल तर पुठ्ठ्याला दोष देऊ नका, धागा बघा. पुन्हा-पुन्हा येणारी चूक आणि एकदाच आलेली चूक यांतला फरक मी पोरांना इतक्या नेमकेपणाने कधी सांगू शकलो असतो असं वाटत नाही. फ्रान्समधल्या ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४च्या सुमारास आणलेली ही छिद्रांची पद्धत पुढे संगणकाच्या पंचकार्डांपर्यंत पोचली, एवढी भर मी घातली. मुलगी मात्र त्या तासाला वडिलांकडेच बघत होती.

आत्मविश्वासाचा मुद्दा मला इथेच दिसतो. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७मध्ये स्वक्षमतेबद्दल जे मांडलं त्याचा गाभा असा की ‘मला हे जमतं’ ही भावना सर्वात पक्की होते ती स्वतः अवघड काम पार पाडल्याने. दुसऱ्याच्या उत्तेजनाचा परिणाम त्यापुढे कमी. म्हणून ढाल आणि प्रमाणपत्रं यांच्या मागे फार लागू नका. आंतरशालेय स्पर्धांमध्ये मी परीक्षक म्हणून बसतो तेव्हा पोपटासारखं पाठ केलेलं सादरीकरण लगेच कळतं. एक वायर काढून ‘आता काय होईल?’ विचारलं की मूल मागे उभ्या असलेल्या कोचकडे बघतं. ज्याने गाडी स्वतः तीनदा दुरुस्त केलेली असते ते मूल वायरकडे बघतं.

यासाठी मी वापरतो तो एक साधा खेळ: ‘बिघडवलेली गाडी’. चालणाऱ्या गाड्यांमध्ये शिक्षकाने आधीच एकेक दोष घालून ठेवायचा. एका मोटारीच्या वायरी उलट, त्यामुळे गाडी जागीच गिरकी घेते. दुसरीत सेन्सरचा ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेलाच नाही. तिसरीत प्रोग्राममध्ये पिन ८ आणि प्रत्यक्षात वायर ९ला. चौथीत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. त्या बॅटरीला मोटारींचा करंट झेपत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि बोर्ड सारखा रीसेट होत राहतो. प्रत्येक गटाने दोष शोधून नुसता दुरुस्त करायचा नाही, तर तिथपर्यंत कसे पोचलो ते दुसऱ्या गटाला सांगायचं. पुढच्या महिन्यात मुलंच एकमेकांच्या गाड्या बिघडवतात, आणि त्यांनी घातलेले दोष माझ्यापेक्षा फार कल्पक असतात. चांगला दोष घालायचा तर यंत्र आतून समजलेलं असावं लागतं.

गट तीन-तीनचे करा, पाचचे नको. आणि कामं दर तासाला बदला: एकाच्या हातात यंत्र, एकाकडे कीबोर्ड, एकाकडे वही. हे आपोआप होत नाही. सोडून दिलं तर दुसऱ्याच तासाला पेचकस मुलाच्या हातात आणि वही मुलीच्या हातात जाते आणि वर्षभर तिथेच राहते. ‘तिचं अक्षर चांगलंय सर’ हे कारण मी ऐकून घेत नाही.

भाषेबद्दलही बोललं पाहिजे. तुमच्या भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू चालते, काहींत कन्नड, काहींत दख्खनी. गटात मुलांना ज्या भाषेत भांडायचंय त्या भाषेत भांडू द्या. बिघाड कुठे असेल यावर तावातावाने वाद घालताना मराठी शब्द शोधायला लावलं की वाद विझतो. वहीत मात्र मराठीत लिहायला लावा, कारण लिहिताना विचार पुन्हा एकदा गाळला जातो.

किटविषयी. पाचवीपर्यंत किट नकोच. पडद्यावर ठोकळे जोडून प्रोग्राम करायची स्क्रॅच ही भाषा पुरे, आणि जमिनीवर खडूने चौकटी आखून एका मुलाने ‘रोबो’ व्हायचं, बाकीच्यांनी आज्ञा द्यायच्या. सहावी-सातवीला तसेच ठोकळे जोडून प्रोग्राम करता येतो असा मायक्रोबिट हा छोटा बोर्ड छान. आठवीपासून आर्डुइनो. सुटे भाग घेतलेत तर एक गाडी दोनेक हजारांत बसते, भाव थोडे इकडेतिकडे होतात. एकाच कंपनीच्या बंद किटचा तोटा असा की एक भाग गेला की सगळं कपाटात जातं. लेगो माइंडस्टॉर्म्ससारखं १९९८पासून चाललेलं नावाजलेलं किटसुद्धा २०२२अखेर बंद झालं. टिंकरकॅड या संकेतस्थळावर आर्डुइनो फुकट चालवून बघता येतो, कोड शिकायला तो चांगला आहे. पण तिथे सेल उतरत नाही आणि वायर सैल होत नाही, त्यामुळे खरं शिक्षण तिथे पूर्ण होत नाही.

अटल टिंकरिंग लॅबसाठी अर्ज जरूर करा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना २०१६ची, सहावी ते बारावीसाठी, आणि २० लाखांपर्यंत अनुदान मिळत आलं आहे. २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. पण त्या अनुदानाची वाट बघत वर्ष घालवू नका. चार गाड्यांत बारा मुलांची एक तुकडी चालते.

प्रकल्प निवडताना गावातली गरज बघा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे ‘टाकी भरली की बझर’ हा प्रकल्प घरोघरी हवा असतो. पाण्यात दोन तांब्याच्या तारा, एक ट्रान्झिस्टर, एक बझर. पहिल्या आठवड्यात घरचे कौतुक करतात. काही आठवड्यांनी बझर वाजेनासा होतो. मूल तारा वर काढतं तर एका तारेवर हिरवट थर. सतत एकाच दिशेने करंट गेल्याने तांबं झिजलेलं असतं. मग स्टीलचे स्क्रू लावून बघतात, किंवा दर काही मिनिटांनी क्षणभरच करंट द्यायचा असा प्रोग्राम लिहितात. असे प्रकल्प प्रदर्शनाच्या दिवशी संपत नाहीत, म्हणून मला आवडतात. लिथियम सेल मात्र शाळेतच, शिक्षकांसमोर चार्ज करायचे, घरी न्यायचे नाहीत. आणि घरच्या विजेला हात लावणारा प्रकल्प शाळेत अजिबात नको.

फरक पडतोय की नाही हे कसं ओळखायचं, तेही सांगतो, कारण संस्थाचालक विचारणार. रोबोची परीक्षा घेऊ नका. जूनमध्ये आणि मग मार्चमध्ये मुलांना यंत्राशी संबंध नसलेली चुकीची कृती द्या. शाळेपासून सिद्धेश्वर मंदिरापर्यंतच्या रस्त्याचं वर्णन, ज्यात एक वळण उलटं आहे. शेंगाचटणीची कृती, ज्यात शेंगा भाजायच्या आधीच कुटायला सांगितल्या आहेत. ‘यात काय चुकलं, आणि कमीत कमी काय बदललं की बरोबर होईल?’ जूनमध्ये बरीच मुलं सगळं नव्याने लिहून काढतात. मार्चमध्ये नेमकी तीच ओळ खोडून दुरुस्त करणारी किती वाढली, ते मोजा. आणखी एक लक्ष ठेवा: गाडी बंद पडल्यावर ‘सर!’ अशी हाक यायला किती वेळ लागतो. तो वेळ वाढत जायला हवा.

कंपनीच्या प्रतिनिधीला भेटाल तेव्हा त्यांना सांगा, डेमोला चालणारी नको, एक बंद पडलेली गाडी आणा आणि आमच्या आठवीच्या मुलांकडून ती तासाभरात दुरुस्त करून घेऊन दाखवा, तुम्ही हात न लावता. जमलं तर बोलणी पुढे न्या. आणि यादीत मल्टिमीटर दोन लिहा. पहिल्या महिन्यात कुणीतरी तो अँपिअरच्या खाचेत ठेवून सरळ बॅटरीला लावणार आणि आतला फ्यूज जाणार, हे ठरलेलं आहे. फ्यूज पाच-दहा जास्तीचे आणून ठेवा, आणि बदलायलाही त्यालाच लावा.